लिम्फोसाइट ४८० आले म्हणजे पेशी मेल्या का? आणि तूप बंद करायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे नंतर कोणी हे वाचलं तर त्यालाही लागेल. तुमच्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जातंतूंचा आजार) आहे, न्यूरॉलॉजिस्टनी फिंगोलिमॉड ०.५ मिलिग्रॅम रोज एक अशी सुरू करून दोन महिने झालेत, गोळीच्या आधी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) १९०० होते ते आता ४८० आलेत आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात 'लो' छापून आलंय. नात्यातल्या कोणीतरी सांगितलं की हे औषध पांढऱ्या पेशी मारतं. तुम्ही स्वतः नेटवर वाचलं की ते शरीरातल्या एका चरबीच्या रेणूच्या सिग्नलवर काम करतं, ते तुम्ही घरी सांगितलं, आणि त्या दिवसापासून आईंनी तिच्या ताटातलं तूप बंद केलं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते कारण त्या थांबू शकत नाहीत. गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवस सुद्धा नाही, का ते पुढे येईल. आणि तिला वरणभातावर तूप वाढा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, त्यामुळे डोस चालू ठेवायचा की थांबवायचा हे तिचे डॉक्टरच ठरवणार. पण एमडीनंतर काही वर्षं मी पांढऱ्या पेशी कशा चालतात यावरच काम केलंय आणि आता रोज सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट सही करते, तर तुमच्या प्रश्नाचा हा भाग माझ्या हातातला आहे.

खरा घोळ असा आहे की आपण रिपोर्टमधला आकडा म्हणजे शरीरातला साठा समजतो. सीबीसी मोजतं ते फक्त त्या क्षणी रक्तात असलेल्या पेशी. आणि लिम्फोसाइटच्या बाबतीत रक्तात कुठल्याही वेळी शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी साधारण दोन टक्केच असतात हो, बाकीच्या लिम्फ नोडमध्ये (मानेत-जांघेत लागतात त्या गाठी), प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत बसलेल्या असतात. भर उन्हात दुपारी दोनला गावच्या रस्त्यावर उभं राहून माणसं मोजली आणि म्हटलं गाव ओसाड पडलं, तसं होतं ते. माणसं घरात आहेत. तुमच्या बहिणीच्या पेशीही घरात आहेत, त्यांना बाहेर पडायचा रस्ता कळेनासा झालाय, आणि औषधाचं काम नेमकं तेच आहे.

आता चरबीचा सिग्नल म्हणजे काय ते. इथे मी जरा लांब जाणार आहे कारण हे समजलं की रिपोर्टची भीती खरोखर कमी होते, आणि मला हा विषय मनापासून आवडतो हेही आहेच.

पायात काटा रुतला की दुसऱ्या दिवशी तिथे ठणका लागतो आणि पू होतो, हे सगळ्यांनी भोगलंय. पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचा दुसरा एक प्रकार, जिवंत आणि मेलेले. हे न्यूट्रोफिल रक्तातून वाहत चाललेले असतात, मग त्यांना कसं कळतं की इथेच उतरायचं आणि या दिशेलाच जायचं? १८८२ साली इटलीत मेसिना इथे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लांना गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. पेशी जमतात हे तेव्हाच दिसलं, पण त्यांना बोलावणारं कोण हे कळायला फार वर्षं गेली. बोलावणारे बरेच आहेत, काही प्रोटीनचे, काही बॅक्टेरियाचे स्वतःचे तुकडे, आणि काही लिपिड, म्हणजे चरबीचे रेणू. लिपिडवाल्यांमध्ये न्यूट्रोफिलसाठी सगळ्यात जोरदार म्हणजे ल्युकोट्राईन बी-४.

याचं बनणं बघा. प्रत्येक पेशीचं आवरण चरबीच्या रेणूंचंच असतं आणि त्यात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं वीस कार्बनचं फॅटी ॲसिड शिवलेलं असतं. पेशीला धक्का बसला, आत कॅल्शियम वाढलं, की एक एंझाइम ते ॲसिड आवरणातून कापून सोडतं, दुसरं एंझाइम, ५-लायपॉक्सिजनेज, त्यावर ऑक्सिजन चढवतं, आणखी एक पायरी आणि ल्युकोट्राईन बी-४ तयार. साठवून ठेवलेलं काही नाही, कच्चा माल भिंतीतच आहे, मिनिटा-दोन मिनिटात माल तयार. आणि ज्या न्यूट्रोफिलने तो बनवला त्याच न्यूट्रोफिलमध्ये तो मोडून टाकणारं एंझाइमही असतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सिग्नल जागच्या जागी तयार होतो आणि लवकर नाहीसा होतो, म्हणून त्याच्या जवळ-लांब असण्याला अर्थ राहतो. तो टिकून सगळीकडे पसरला असता तर पेशीला दिशाच कळली नसती.

ल्युकोट्राईन हे नाव १९७९ सालचं, स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने दिलेलं, ल्युको म्हणजे पांढऱ्या पेशी कारण हे त्यांच्यात सापडले, आणि ट्राईन म्हणजे ओळीने तीन डबल बाँड. १९८२ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं.

पेशी दिशा कशी ओळखते हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेच्या कव्हरस्लिपवर घ्यायचा, ओलसर डबीत ३७ डिग्रीला थोडा वेळ ठेवायचा, मग गोठलेलं रक्त सलाईनने हळूच धुऊन काढायचं. लाल पेशी निघून जातात, न्यूट्रोफिल काचेला चिकटून राहतात. मायक्रोस्कोपखाली आधी गोल ठिपके दिसतात. मग त्यातला एखादा एका बाजूने पातळ पदर पसरतो, पदर इतका पातळ की कडा नीट लावल्याशिवाय दिसत नाही, त्यामागे दाणेदार अंग सरकत येतं, न्यूक्लियसचे तुकडे एकामागोमाग घसरतात आणि मागे छोटी शेपटी ओढत येते. मिनिटाला दहा-पंधरा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढं अंतर कापायला पाच-सात मिनिटं. एका कडेला ल्युकोट्राईन ठेवलं की इकडेतिकडे भटकणाऱ्या या पेशी तोंड वळवतात. पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पोचणाऱ्या सिग्नलमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला तो कळतो.

सुरुवातीच्या दिवसात माझ्या हातून एक चूक झाली होती. डायल्यूशनमध्ये एक पायरी सुटली आणि ल्युकोट्राईन शंभर पट जास्त गेलं. पेशी जागेवर फुगून बसल्या, चालेनात. मी समजले रक्त खराब आहे, परत घेतलं, परत तेच. तिसऱ्या दिवशी वही उलटून बघताना चूक सापडली. सगळ्या बाजूंनी रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या अंगावरचे सिग्नल पकडणारे प्रोटीन, भरून गेले होते, पुढे आणि मागे यात फरकच उरला नव्हता, त्यामुळे जायचं कुठे हे पेशीला कळत नव्हतं. पेशी फरकावर चालते, नुसत्या जास्त-कमीवर नाही, हे मी त्या आठवड्यात शिकले आणि तुमच्या बहिणीच्या गोळीचं गणित यातच आहे, म्हणून ही गोष्ट सांगितली.

पेशीच्या आतही लिपिडच कामाला असतं. बाहेरून रिसेप्टरवर सिग्नल बसला की आवरणाच्या आतल्या बाजूला पुढच्या टोकाकडे पीआयपी-३ नावाचं लिपिड जमतं आणि मागच्या बाजूला ते पुसणारी एंझाइम्स असतात. जिथे पीआयपी-३ तिथे ॲक्टिन या प्रोटीनचे धागे वाढतात आणि तो पदर पुढे सरकतो.

मग एकाला कळलं तर लांबच्यांना कसं कळतं? न्यूट्रोफिल जखमेशी पोचला की तो स्वतः ल्युकोट्राईन बी-४ सोडतो, ते ऐकून मागचा येतो, तोही सोडतो, असं हाकेला हाक लागत जाते. २०१३ साली उंदराच्या कानाच्या त्वचेत लेझरने अगदी बारीक जखम करून हे जिवंतपणी शूट केलं गेलं, आणि ज्या न्यूट्रोफिलना या ल्युकोट्राईनचा रिसेप्टर नव्हता ते लांबून येईचनात. जवळचे येत होते. म्हणजे हे लिपिड हाक लांबवर पोचवतं. आणि काम झाल्यावर तिथल्या पेशी त्याच ॲराकिडोनिक ॲसिडपासून लायपॉक्सिन बनवायला लागतात, १९८४ साली सापडलेले हे रेणू, ते न्यूट्रोफिलचं येणं थांबवतात आणि साफसफाई करणाऱ्या मोनोसाइटना बोलावतात. करट पिकतं, फुटतं आणि बसतं यातलं ते बसणं नुसतं आपोआप होत नाही, त्यालाही सिग्नल लागतो.

(मध्येच एक, कारण हे मला हमखास विचारतात: घराघरात असलेली मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्राईनवरच आहे, पण ती दुसऱ्या भावंडांचा, सी-४, डी-४, ई-४ यांचा रिसेप्टर अडवते, दम्यात श्वासनळी आवळतात ते. न्यूट्रोफिलला बोलावणाऱ्या बी-४ चा रिसेप्टर वेगळा, त्याला ती हात लावत नाही. त्यामुळे मॉन्टेलुकास्ट घेतलं म्हणून जखमेत पांढऱ्या पेशी येणार नाहीत असं होत नाही.)

आता लिम्फोसाइट आणि तुमची गोळी. इथे लिपिड वेगळं, स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, लॅबमध्ये आम्ही एस-१-पी म्हणतो. स्फिंगोसिन हे नाव थुडिकम या शास्त्रज्ञांनी १८८४ मध्ये मेंदूच्या रसायनावर काम करताना दिलं, ग्रीक कथेतल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून, कारण याचं कोडं त्यांना सुटत नव्हतं. एस-१-पी रक्तात भरपूर, लिम्फमध्ये (नोडमधून वाहणाऱ्या द्रवात) त्याहून कमी पण बऱ्यापैकी, आणि लिम्फ नोडच्या आतल्या मांसल भागात जवळजवळ नाहीच, कारण तिथल्या पेशींमध्ये ते मोडणारं एंझाइम सतत चालू असतं. रक्तातलं बरंचसं येतं लाल पेशींकडून, त्यांच्यात ते मोडणारं एंझाइम नसतं म्हणून त्या साठवू शकतात आणि सोडू शकतात. म्हणजे आत कमी, बाहेर जास्त, हा उतार शरीर रात्रंदिवस राखून ठेवतं.

लिम्फोसाइटच्या अंगावर हे एस-१-पी ओळखणारा रिसेप्टर असतो. ती रक्तात फिरत असताना आजूबाजूला इतकं एस-१-पी असतं की रिसेप्टर आत ओढला जातो, ती जणू बहिरी होते. मग ती लिम्फ नोडमध्ये शिरते, तिथे एस-१-पी नाही, काही तासात रिसेप्टर परत वर येतो. आतमध्ये तिला धरून ठेवणारे दुसरे सिग्नलही असतात, ती फिरून बघते की आपल्या ओळखीचं काही इथे आहे का, नसेल तर बाहेरच्या एस-१-पीची ओढ जिंकते आणि ती लिम्फच्या वाटेने निघते, परत रक्तात. हा रिसेप्टर नसेल तर लिम्फोसाइट थायमस (छातीतली एक ग्रंथी) आणि लिम्फ नोडमधून बाहेरच पडू शकत नाहीत हे २००४ साली उंदरांमध्ये सिद्ध झालं.

हे तुम्ही घरी बघितलेलं आहे खरं तर. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा धरला की मानेला गाठी लागतात. इन्फेक्शनची बातमी नोडपर्यंत पोचली की लिम्फोसाइटवर सीडी-६९ नावाचं प्रोटीन येतं, ते या एस-१-पीच्या रिसेप्टरला धरून आत ओढतं, मग पेशी बाहेर पडत नाहीत, नव्या येतच राहतात, आणि नोड सुजतो. शरीर स्वतःच काही दिवस दार लावून घेतं, आत तयारी होते, मग दार उघडतं.

फिंगोलिमॉड हेच दार औषधाने लावतं. ते मूळचं कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या मायरिओसिन नावाच्या पदार्थापासून घडवलेलं, जपानमध्ये फुजिता यांच्या गटाने. दिसायला ते स्फिंगोसिनसारखं आहे, शरीरातलंच एंझाइम त्याला फॉस्फेट लावतं, मग ते एस-१-पीच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. आधी तो चालू करतं, पण इतकं घट्ट की रिसेप्टर आत जातो आणि पेशी त्याला मोडून टाकते. माझ्या त्या शंभर पट डोसच्या प्लेटची आठवण ठेवा. लिम्फोसाइटला उतारच जाणवेनासा होतो आणि ती नोडमध्ये राहते, जिवंत, कामाची, पण आत. एमएसमध्ये मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणांवर चुकून हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटही याच गर्दीत असतात आणि त्या मेंदूपर्यंत पोचत नाहीत. २०१० साली छापून आलेल्या दोन वर्षांच्या चाचणीत ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.१८ रिलॅप्स (आजाराचे नवे झटके) आले आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांना ०.४०. त्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली, एमएसचे रिलॅप्स कमी करणारी, तोंडाने घ्यायची तिथली ही पहिली गोळी.

म्हणून ४८०. पहिल्या डोसनंतर काही तासातच काउंट उतरायला लागतो आणि काही आठवड्यात सुरुवातीच्या साधारण ३० टक्क्यांवर, ५०० च्या आसपास येऊन स्थिरावतो, हे या औषधाचं अपेक्षित वागणं आहे. १९०० चे ४८० म्हणजे २५ टक्के. गोळी चालू आहे आणि काम करतेय एवढंच त्यातून दिसतं. रिपोर्टवरचा 'लो' हा गोळी न घेणाऱ्या माणसाच्या मापाने छापलेला असतो, मशीनला तिचं औषध माहीत नसतं.

यात परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी आहेत. तिला रिलॅप्ससाठी हल्लीच शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं असेल तर लिम्फोसाइट आणखी खाली आणि न्यूट्रोफिल वर दिसू शकतात. न्यूट्रोफिल वाढतात कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीला टेकून असलेले सुटून प्रवाहात येतात, परत तेच, जागा बदलली. म्हणून नमुना घेताना आणि रिपोर्ट दाखवताना स्टेरॉइडची तारीख सांगा. दुसरं, काउंट २०० च्या खाली गेला आणि परत तपासूनही तसाच राहिला तर डॉक्टर सहसा गोळी थांबवायचा विचार करतात, ४८० त्यापासून लांब आहे. तिसरं, सगळ्या लिम्फोसाइट सारख्या अडकत नाहीत. नोडमधून जा-ये करणाऱ्या अडकतात, त्वचा-फुफ्फुसात गस्त घालणाऱ्या अनुभवी टी पेशी बऱ्याचशा बाहेरच राहतात, आणि न्यूट्रोफिल तर या दारातून जातच नाहीत. त्यामुळे संरक्षण एक चतुर्थांश उरलं असा हिशोब करू नका.

पण धोका नाही असं मी म्हणणार नाही. दार लावल्याची किंमत असते. नागीण आणि कांजिण्यांचा व्हायरस यात डोकं वर काढू शकतो, तिला कांजिण्या झाल्या होत्या का किंवा अँटिबॉडी तपासली होती का हे फाइलमध्ये बघा. अंगावर एका बाजूला पट्ट्याने फोड आले, ताप आणि डोकेदुखी हटत नसेल, नजर अंधुक वाटली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा. नजरेचं वेगळं कारणही आहे, या औषधाने काहींच्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते, म्हणून तीन-चार महिन्यांनी डोळे तपासायचे असतात, तिची ती वेळ आता येतेच आहे. जिवंत व्हायरसची लस विचारल्याशिवाय नको.

आणि स्वतःहून बंद का नाही. गोळी शरीरातून जायला आठवडे लागतात, काउंट पूर्ववत व्हायला एक-दोन महिने, आणि मग अडकलेल्या पेशी परत बाहेर येतात. काही जणांमध्ये तेव्हा एमएस आधीपेक्षा जोरात उलटतो, अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. मध्ये खंड पडून परत सुरू करायची झाली तर पहिल्या दिवशी जसं सहा तास बसवून नाडी बघितली होती तसं परत करावं लागू शकतं, कारण हाच रिसेप्टर हृदयाच्या पेशींवरही असतो आणि पहिल्या डोसला ठोके मंदावतात.

तुपाचं राहिलं. एस-१-पी ताटातून येत नाही, शरीर ते स्वतःच्या आवरणातल्या लिपिडपासून लागेल तिथे बनवतं आणि लगेच मोडतं. चमचाभर तुपाने तो उतार चढत नाही की उतरत नाही. गोळी जेवणाआधी घेतली काय आणि नंतर घेतली काय, शोषण तेच. आईंना सांगा की चरबी हा शब्द इथे वेगळ्या अर्थाने आलाय, ही चरबी म्हणजे पेशींची भाषा आहे, त्यांनी जपून वाढलेल्या तुपाशी तिचा संबंध नाही.

पुढच्या वेळी नेताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: गोळी सुरू केल्याची तारीख, त्याआधीचा लिम्फोसाइट काउंट, आणि नंतरचे सगळे काउंट तारखेसकट. आणि रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये, ॲबसोल्यूट काउंट (पेशींची प्रत्यक्ष संख्या) लिहून देणाऱ्या, नुसते टक्के देणाऱ्या नाही. तिची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये, चालताना त्रास, हातापायाला मुंग्या, थकवा यात काही फरक पडलाय का? ते कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.